आधी हात पाहा, मग गोष्ट

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वणी तालुक्यातल्या तुमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी एक चित्रपट दाखवायचा, असं तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणींनी ठरवलं आहे. काय दाखवायचं यावरून मात्र घरातच चार तट पडले आहेत. वडिलांना ‘छावा’ हवा, आईला ‘बाईपण भारी देवा’, धाकट्या भावाला मारधाडीच्या वेब सिरीज आणि तुम्हाला स्वतःला ‘स्थळ’. भावाचं म्हणणं, गावच्या लोकांना संथ सिनेमा झेपत नाही. तुम्ही विचारता, ‘काका, इतकी वर्षं तुम्ही लोकांना सिनेमा दाखवला. अलीकडच्या चित्रपटांबद्दल, मालिकांबद्दल तुमचं खरं मत काय, आणि आमच्या गावात काय चालेल?’

माझं मत कुठून येतं ते आधी सांगतो. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातला. अठराव्या वर्षी तंबूच्या टॉकीजमध्ये मशीनवाल्याच्या हाताखाली लागलो. मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा, चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रातली यात्रा, भाऊबीजेनंतरच्या गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा, असा आमचा तंबू फिरायचा. पुढे तालुक्याच्या एका थेटरात एकवीस वर्षं ऑपरेटर होतो. ते बंद पडलं तेव्हा स्वतःचा डिजिटल प्रोजेक्टर घेतला. आता शाळा, ग्रामपंचायती आणि बचत गटांचे मेळावे इथं चित्रपट दाखवतो. तंबूत मशीन एकच असायची. दोन हजार फुटांची रीळ बावीस मिनिटांत संपायची, मग दिवे लावून दुसरी चढवावी लागायची. त्या दोन-तीन मिनिटांत मी लोकांकडे पाहायचो. कोण तंबाखूचा खर्रा घोटायला लागलं, कोण पोराला घेऊन बाहेर गेलं, कोण कोऱ्या पडद्याकडेच डोळे लावून बसलं. सिनेमाची पारख मी त्या उजेडात शिकलो.

तुमच्या भावाचं म्हणणं मला मुळीच पटत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत गावोगाव जातात. रात्री दहा-अकराला नाटक सुरू होतं आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत चालतं. थंडी मी म्हणत असते, तणसावर पोतं टाकून माणसं बसलेली असतात, मांडीवर झोपलेली लेकरं असतात, आणि तरी कोणी उठत नाही. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सहा-सात तास नाटक पाहणाऱ्या माणसांना दोन तासांचा संथ चित्रपट झेपणार नाही, हे मी कसं मानू? लोक कंटाळतात ते चित्रपट वेळ काढायला लागला की. वेळ घेणारा चित्रपट ते शांतपणे पाहतात. हा फरक बाया तर पहिल्या वीस मिनिटांत ओळखतात.

आता माझी कसोटी. गावावरचा कोणताही चित्रपट लागला की मी पहिल्यांदा माणसांचे हात पाहतो. कापूस वेचणारी बाई बोंडातला कापूस चारही पाकळ्यांतून एका झटक्यात कसा काढते, पाठीवरच्या झोळीत न पाहता कसा टाकते, ते शिकवून दोन दिवसांत येत नाही. धानाच्या बांधीत रोवणा करताना अंगठा चिखलात किती खोल जातो, हे शहरातल्या नटाला ठाऊक नसतं. नट वाईट असतो असं नाही. दिग्दर्शकाला त्या कामात रस नसतो, म्हणून तो त्याला तिथं थांबवत नाही. विळा हातात देतो, एक कापणी घेतो आणि लगेच संवादावर जातो. आमच्या गावची माणसं ते ओळखतात आणि मनातून बाजूला होतात. गोष्ट कितीही चांगली असली तरी मग ती त्यांची राहत नाही.

या कसोटीवर गेल्या काही वर्षांतला सगळ्यात खरा चित्रपट म्हणजे तुम्ही म्हणता तो ‘स्थळ’. जयंत दिगंबर सोमलकर यांनी तो केला. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात तो दाखवला गेला, तिथं त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्याकडे थेटरात यायला मात्र ७ मार्च २०२५ उजाडावा लागला. गाव डोंगरगाव, जिल्हा आमचाच चंद्रपूर, आणि पडद्यावर वावरणारी माणसं त्या भागातलीच, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिलेली. नंदिनी चिकटे या मुलीनं सविताचं काम केलं आहे. सविता शिकते आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची म्हणते, बाप कापसाच्या भावाची वाट पाहतो आणि मधल्या काळात एकामागून एक पाहुणे तिला ‘पाहायला’ येतात.

सुरुवातीलाच चित्र उलटं आहे. बाया बसल्या आहेत आणि मुलगा खाली मान घालून उत्तरं देतो आहे. थेटरात त्याच्यावर खूप हशा झाला. मग खरी बैठक सुरू होते. स्टूल, पाट, चहा, पोहे, आणि ठरलेले प्रश्न : नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड कशाची. पहिल्यांदा पाहताना मी एकटाच गेलो होतो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं आणि पुढच्या रविवारी गाडी करून गावातल्या आठ बायांना चंद्रपूरला नेलं. पहिल्या बैठकीला त्या हसल्या. दुसऱ्या बैठकीला हसू थोडं उरलं होतं. तिसऱ्या वेळी आमच्या रांगेत एकदम सामसूम झाली. परतीच्या वाटेवर सिंदेवाही रोडला चहाला थांबलो, तेव्हा पन्नाशीतली एक बाई आपणहून बोलली, ‘मले चौदा जणांनी पायलं होतं. चौदाव्यानं हो म्हटलं, पण कायले म्हटलं ते मले आजपावतो समजलं नाही.’ तिचं लग्न होऊन तीस वर्षं झाली आहेत. गाडीतल्या तिच्या सुनेनं हे पहिल्यांदाच ऐकलं.

म्हणूनच हा चित्रपट त्याच त्या बैठका परत परत दाखवतो म्हणून काही लोक नाराज झाले, त्यांना मी म्हणतो की तेच तर त्याचं बळ आहे. एकदा दाखवलं असतं तर ती एक घटना झाली असती. पाच वेळा दाखवल्यावर ती रीत म्हणून अंगावर येते. उणीवही सांगतो. सविताच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाचा जो धागा आहे, तो मला घाईत गुंडाळल्यासारखा वाटला. बाकी गाव इतकं सावकाश उलगडणाऱ्या दिग्दर्शकानं त्या माणसाच्या मनात शिरायला अजून दोन प्रसंग घ्यायला हवे होते. पण त्या घरातली ओसरी, पाहुण्यांसाठी मागून आणलेल्या खुर्च्या, आत माजघरात दबक्या आवाजात चाललेली आईची धावपळ, यांतलं काहीही मला खोटं दिसलं नाही.

हातांनंतर मी ऐकतो ती भाषा. इथं माझं दुखणं जुनं आहे, म्हणून जरा लांबण लागेल. आपली बोली टीव्हीवर आली की समोरच्यानं हसायचं, असं जणू ठरूनच गेलं आहे. भारत गणेशपुरे फार गुणी नट आहेत, ‘चला हवा येऊ द्या’मध्ये त्यांनी वऱ्हाडी घरोघरी पोचवली, याचा मला अभिमान आहे. त्यांच्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती लिहिणाऱ्यांबद्दल. ‘मले’, ‘तुले’ म्हणणारं पात्र रडतंय, प्रेम करतंय, निवडणूक लढवतंय, शेवटच्या आजारात पोराशी बोलतंय, असं त्यांना सुचत का नाही? शिवाय अमरावती-अकोल्याकडची वऱ्हाडी वेगळी आणि आमची झाडीबोली वेगळी. नागपूरची तर तिसरीच, तिच्यात हिंदीची मिसळ जास्त. मालिकेत तिन्ही एका पातेल्यात ढवळल्या जातात.

झी मराठीवरची ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ साली सुरू झाली तेव्हा म्हणून मला आनंद झाला होता. अनिता दाते यांची राधिका नागपूरची होती आणि नायिका होती. तिची बोली विनोदासाठी नव्हती, तिच्या स्वभावाचा भाग होती. मसाल्याचा धंदा उभा करणारी ती बाई आमच्या बचत गटाच्या बायांना फार जवळची वाटली. दोन जणींनी तर तिच्याकडे पाहून खरंच मसाले कुटायला घेतले. पण २०२१ पर्यंत ताणता ताणता तीच गोष्ट नवऱ्याच्या लफड्याभोवती इतक्या वेळा फिरली, की राधिकाचे हात रिकामे झाले आणि तोंड तेवढं चालत राहिलं.

हे फक्त त्या मालिकेचं नाही. ‘आई कुठे काय करते’ घ्या. बंगालीतल्या ‘श्रीमोयी’वरून आलेली ही मालिका २०१९ ते २०२४ चालली. पहिलं वर्ष मी स्वतः बायकोसोबत नेमानं पाहिलं. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पोळ्या लाटता लाटता जो अपमान गिळते, तो आमच्या घराघरांतला होता. नंतर घटनांवर घटना रचल्या गेल्या आणि मूळ बाई त्यांच्याखाली दबली. रोज एक भाग द्यायचा असतो, चॅनेलला आठवड्याचे आकडे हवे असतात, लेखकाला मागं वळून पाहायला सवड नसते. एक गोष्ट मात्र मालिकांच्या बाजूनं सांगायला हवी. आमच्या घरी बायको संध्याकाळी लाखोळीची डाळ निवडत, तांदळातले खडे काढत मालिका लावते. ती पडद्याकडे दहा मिनिटांत दोनदा पाहत असेल. मालिका मुख्यतः ऐकली जाते. म्हणून तिच्यात प्रत्येक गोष्ट तीनदा बोलून दाखवतात, संगीत जोरात वाजवतात, चेहऱ्यावर तीन-तीन वेळा कॅमेरा आणतात. दिवसभर राबलेल्या बाईची सोबत म्हणून तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण शनिवारी लोकांना गोळा करून दाखवायची वस्तू ती नाही.

भाषेच्या बाबतीत ज्यानं माझं मन भरलं तो चित्रपट म्हणजे ‘नाळ’. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा, २०१८ चा. नदीकाठच्या गावातला चैत्या, त्याचं काम करणारा श्रीनिवास पोकळे, त्याच्या तोंडची आपली बोली. आपण दत्तक आहोत हे कळल्यावर तो ज्या नजरेनं आपल्या आईकडे पाहायला लागतो, आणि देविका दफ्तरदार यांची आई काहीही न बोलता ते ओळखते, तिथं शाळेच्या पटांगणात चारशे माणसं गप्प बसलेली मी पाहिली आहेत. त्या पोराची बोली ऐकून कोणी हसलं नाही. हसले ते त्याच्या खोड्यांना. श्रीनिवासला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२३ चा ‘नाळ भाग २’ मला पहिल्याइतका भावला नाही, तो जरा जास्त गोड झाला आहे, तरी लहान मुलांसाठी छान आहे. पुढे त्यालाही राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला आणि त्यातल्या त्रिशा ठोसर या चिमुरडीला बालकलाकाराचा. तुमच्या शाळकरी पोट्ट्यांना दोन्ही दाखवा, आधी पहिला.

‘पंचायत’ या हिंदी वेब सिरीजबद्दल सगळेच विचारतात. ग्रामसेवकांच्या बैठकीत तर दुसरा विषय नसतो. फुलेरा हे गाव गोष्टीत उत्तर प्रदेशातल्या बलियाचं, चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यातलं. २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, पहिला सीझन आला. तो आणि दुसरा, हे दोन मला मनापासून आवडतात. मंजूदेवी नावापुरत्या प्रधान आणि कारभार नवऱ्याचा, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायांना पन्नास टक्के जागा आहेत, तरी सहीपुरती सरपंच आणि खुर्चीत बसणारा सरपंचपती अजून किती गावांत आहे! पहिल्या सीझनच्या शेवटी मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करून झेंड्यासमोर अडखळत म्हणतात, तो प्रसंग मी आमच्या पंचायत समितीच्या महिला मेळाव्यात सांगितला, तेव्हा दोन महिला सरपंचांनी नंतर येऊन तो सीझन कुठं मिळेल ते विचारून घेतलं.

तिसऱ्या-चौथ्या सीझनबद्दल माझं मत वेगळं आहे. दुसऱ्याच्या शेवटी प्रल्हादचा फौजी मुलगा जातो आणि फैसल मलिक यांनी पुढे ते दुःख जसं पेललं आहे, त्याला तोड नाही. त्याभोवतीचं गाव मात्र हळूहळू दोन गटांच्या कुरघोड्यांचं मैदान झालं. चौथ्यात तर दुधी आणि कुकर या निवडणूक चिन्हांवरच भाग संपतात. माझा मुख्य आक्षेप मात्र आणखी वेगळा आहे. इतकी वर्षं आपण फुलेरात राहिलो, तिथं कुणाच्या शेतात काय पेरलं, कोणतं पीक बुडालं, मजुरी काय चालली आहे, हे आपल्याला फारसं माहीत नाही. माणसं बाजेवर बसून बोलतात, फार गोड बोलतात. काम करताना क्वचितच दिसतात. शेतीशिवायचं गाव शहरातल्या माणसाला सुखाचं वाटतं, म्हणून त्याला ती मालिका इतकी प्यारी असावी. आपल्याला ती आवडली तरी कुठंतरी चुकल्यासारखं वाटतं, त्याचं कारण हेच आहे. त्याच धाटणीवर २०२५ साली ‘दुपहिया’ आणि ‘ग्राम चिकित्सालय’ आल्या. दुसरीतला प्राथमिक आरोग्य केंद्राचा विषय मोलाचा होता, पण दोन्हींवर ‘पंचायत’ची सावली फार आहे.

आता वाघाचं. तुमच्याकडून पांढरकवडा जवळ, आमच्याकडून ताडोबा. २०२१ साली आलेला अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ आपल्या भागात तरी ज्यानं पाहिला नाही त्यानं पाहावा. पांढरकवड्याकडच्या टी-१ वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता, २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घालण्यात आली आणि त्यावर देशभर वाद झाला. चित्रपटातलं गाव काल्पनिक आहे, पण पाहताना ती वाघीण आठवल्यावाचून राहत नाही. विद्या बालन यांची वनाधिकारी मला खूप आवडली. ती ओरडत नाही, कागद वाचते, पावलांचे ठसे पाहते, बायांशी बसून बोलते. गुरं चारायची जागा गेली की माणूस जंगलात आत आत जातो, वाघाची वाट खाणीनं अडवली की तो शेतात उतरतो, ही साखळी चित्रपटानं सोप्या रीतीनं मांडली आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बायांवर दरवर्षी हल्ले होतात, त्यामुळे यातला शब्द न् शब्द आम्हाला कळतो.

तरीही शेजारच्या गावातल्या एका माणसानं तो पाहून मला जे सांगितलं, ते मी विसरत नाही. त्याचा भाऊ वाघानं नेला होता. तो म्हणाला, ‘वाघिणीसाठी रडू आलं भाऊ, खोटं नाही बोलत. पण मेलेल्या माणसाच्या घरात कॅमेरा दोन मिनिटं त् थांबाले पाहिजे होता.’ त्याचं म्हणणं रास्त आहे. चित्रपट कचेरीत आणि जंगलात रमतो, तेरावं उरकल्यानंतरच्या घरात शिरत नाही. हा विषय आपल्याकडच्या कोणीतरी पुन्हा हाताळायला हवा.

नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’वरून आमच्याकडे अजून वाद होतात. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला, त्यावरचा हा २०२२ चा चित्रपट. जवळजवळ तीन तासांचा. नागपूरची खरी पोरं, त्यांची चाल, त्यांची शिवी, त्यांचं नाचणं, बाबासाहेबांच्या जयंतीचा प्रसंग आणि तसबिरीसमोर उभे अमिताभ बच्चन : इतक्या मोठ्या पडद्यावर आपलं नागपूर असं आधी दिसलं नव्हतं. पुष्कळांना उत्तरार्ध लांबला असं वाटलं. सामन्यानंतरची पळापळ थोडी आटोपशीर हवी होती हे मलाही मान्य. पण जिथं लोक कंटाळले म्हणतात, तिथंच मी सर्वांत गुंतलो. रिंकू राजगुरू यांनी केलेली मुलगी आणि तिचा बाप पासपोर्टसाठी ओळखीचा कागद शोधत या दारातून त्या दारात फिरतात. ज्यानं जातपडताळणीसाठी पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा शोधायला तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्याला ते लांबलेलं वाटणार नाही.

तुमच्या वडिलांचा ‘छावा’. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की तो मीही दोनदा पाहिला. १४ फेब्रुवारी २०२५ ला आला, लक्ष्मण उतेकर यांचा, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. ऑपरेटर म्हणून म्हणतो, शेवटचा पाऊण तास थेटरातला एकही माणूस हलला नाही. विकी कौशल यांनी जीव ओतला आहे आणि अक्षय खन्नांचा औरंगजेब कमी बोलून जास्त भिववतो. खंत अशी की संभाजी महाराज संस्कृतात ‘बुधभूषणम्’ लिहिणारे विद्वान होते, तो माणूस चित्रपटात जवळजवळ नाही. येसूबाईंच्या वाट्याला ओवाळणं आणि वाट पाहणंच जास्त आलं. ए. आर. रहमान यांचं संगीत मला त्या मातीत रुजलेलं वाटलं नाही. वडिलांना हे सगळं पटणार नाही कदाचित, आणि त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी खरंच आहे. दाखवायचा असेल तर लहान लेकरांना आधी घरी पाठवा. शेवटच्या छळाच्या दृश्यांनी आमच्याकडचा एक सात वर्षांचा पोरगा आठ दिवस रात्री दचकून उठत होता.

आईंचा ‘बाईपण भारी देवा’ हा केदार शिंदे यांचा २०२३ चा, मंगळागौरीच्या स्पर्धेभोवती फिरणारा चित्रपट. आपल्याकडे मंगळागौर घराघरांत नाही, आपल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणत वाढल्या. तरी बाया ट्रॅक्टर-ट्रॉलीतून, काळीपिवळीतून थेटरात आल्या. सहा बहिणी एकमेकींवर रुसल्या आहेत आणि एकत्र खेळायला त्यांना चाळिशी-पन्नाशी उलटावी लागते, एवढंच त्यांना पुरेसं होतं. घरं चकचकीत आहेत, शेवट सोपा आहे. पण वंदना गुप्ते, रोहिणी हट्टंगडी यांच्यासारख्या ज्येष्ठ बाया मध्यभागी आणि नवरे कडेला, असा चित्रपट इतका चालला, हे मला फार मोलाचं वाटतं. नक्की दाखवा.

भावासाठी एक सुचवतो : ‘मानवत मर्डर्स’ ही वेब सिरीज, २०२४ ची, आशिष बेंडे यांची. मारधाड त्याला हवी तेवढी नाही, पण ७० च्या दशकातल्या, परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या हत्याकांडाचा तपास आहे, आणि दुष्काळ, गुप्तधन, अंधश्रद्धा यांची सांगड घालून माणूस कुठं जातो ते दिसतं. सोनाली कुलकर्णी आणि मकरंद अनासपुरे दोघांनीही अंगावर काटा आणला. बोलीत मात्र एकसारखेपणा नाही. ही त्यानं घरी पाहावी, वाचनालयात नको.

किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ तुम्ही यादीत घेतला नाही, तो घ्या. घुंगट आपल्याकडचा नाही, तरी सेंद्रिय शेती शिकायला निघालेली जया आणि फलाटावर टपरी चालवणारी मंजूमाई आमच्या बायांना लगेच कळल्या. मी सहा गावांत दाखवला, सहाही ठिकाणी शेवटी टाळ्या पडल्या.

आता कामाचं. मोबाइलवर किंवा टीव्हीवर वर्गणी भरून जे दिसतं ते घरात पाहण्यापुरतं असतं. वाचनालयात गावाला दाखवायचं तर निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या. छोट्या चित्रपटांचे लोक बहुतेक वेळा आनंदानं देतात, फुकट नाही दिली तरी परवडेल अशी देतात. वाचनालयाला टिनाचं छप्पर आहे असं तुम्ही लिहिलं आहे, तर आवाज घुमेल. दोन भिंतींवर सतरंज्या टांगा आणि एकच मोठा स्पीकर पुढे ठेवण्याऐवजी दोन लहान स्पीकर माणसांच्या कानाच्या उंचीवर लावा. संवाद कळला नाही की म्हातारी माणसं पंधरा मिनिटांत उठतात, आणि मग आपण म्हणतो चित्रपट संथ होता. खाली इंग्रजी ओळी असलेले चित्रपट सुरुवातीला टाळा. हिंदी सगळ्यांना चालते.

क्रम असा ठेवा : पहिला ‘नाळ’, मग ‘लापता लेडीज’, मग आईंचा, मग वडिलांचा. ‘स्थळ’ पाचव्या शनिवारी, लोकांना एकत्र बसायची सवय झाल्यावर. त्या दिवशी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या बाजूनं जे बसतात ते काका-मामा लोक आवर्जून बोलवा, आणि शेवटी दिवे लगेच लावू नका. चित्रपट संपल्यावर चर्चा ठेवायची का, असं तुम्ही विचारलं होतं. त्या दिवशी नको. बाया घरी जाताना वाटेत बोलतील, त्यांना तेवढा अंधार राहू द्या.

डिसेंबरात तुमच्याकडे वेचणी जोरात असते, दिवसभर वाकलेली बाई रात्री सतरंजीवर बसू शकत नाही. जानेवारीच्या शेवटी सुरू करा. पहिल्या दोन शनिवारी मी येतो, प्रोजेक्टर आणि पडदा माझा, लाइट आणि बसायची सोय तुमची. साडेनऊच्या आत आटपू, म्हणजे वावराकडच्या वस्तीवर परतणाऱ्यांना एकत्र घोळक्यानं जाता येईल.